घोडीवरची कानस

अंबाजोगाई हे तालुक्याचं गाव. मुकुंदराजांचं, दासोपंतांचं, योगेश्वरीचं. पण आगगाडी तिथे कधी गेली नाही. ती थांबते त्याच तालुक्यातल्या घाटनांदूरला. निजामाच्या रेल्वेने विकाराबादहून बीदरमार्गे परळी वैजनाथपर्यंत जो लोहमार्ग नेला, त्यावरचं हे स्टेशन. संगीताच्या नकाशावर लोक ग्वाल्हेर, किराना, मिरज अशी गावं शोधतात. घाटनांदूरच्या पट्ट्यात तंतुवाद्य भेटतं ते मैफलीत नव्हे, सप्ताहात.

अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला टेकवायची नसते. एकाचा पहारा संपला की ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. भरदुपारी मंडपात चार म्हातारी माणसं उरलेली असोत की पहाटे काकड्याला गर्दी असो, तार छेडत राहायची. तिच्यावर राग वाजवून दाखवायचा नसतो. मोकळ्या तारांचा झणकार अखंड राहिला पाहिजे, एवढंच तिचं काम. बोटांची अशी पाळीपाळीने झीज सोसणारं वाद्य फार वर्षं नीट राहत नाही. केव्हा तरी तार करकरायला लागते, नाहीतर मुकी होते, आणि कुणीतरी जाणता कान लावून म्हणतो, तार बोलत नाही.

याच तालुक्यातल्या आपेगावने शंकरबापू आपेगावकरांसारखा पद्मश्री मिळवणारा पखवाजवादक दिला. पखवाजाची वादी आवळायची, पुडी बदलायची, तर माहीतगार हात या भागात नवलाचा नाही. तारेचं दुखणं मात्र वेगळं. खुंटी पिळून ते जात नाही आणि तार बदलूनही पुष्कळदा जात नाही, कारण बिघाड तारेत नसतोच. तो असतो तारेखालच्या घोडीत. ही घोडी घासून तार पुन्हा बोलती करणारी माणसं महाराष्ट्रात जिथे पिढ्यान्‌पिढ्या नांदली ते गाव म्हणजे मिरज, आणि त्या माणसांचं मूळ शोधत गेलं तर हाती तंबोरा लागत नाही, तलवार लागते.

आधी बिघाडाबद्दल, आणि तो नीट कळावा म्हणून जरा गिटारकडे वळू. गिटार दुरुस्त करणाऱ्यासमोर एखादी जुनी बास गिटार येते आणि मालक म्हणतो, घोडीपाशी काहीतरी झणझणतंय. कारागीर पहिल्यांदा ती ॲम्प्लिफायरला न जोडता छेडून बघतो. नुसत्या लाकडावरही झणझणाट ऐकू आला तर दोष अंगाचा: घोडीवरचा स्क्रू सैल झालेला, बारकी स्प्रिंग थरथरणारी, तार जिथे टेकते ती खाच रुंदावलेली. लिओ फेंडर यांची प्रिसिजन बास १९५१ साली बाजारात आली तेव्हा चार तारांना घोडीवर मिळून दोनच टेकू होते. पुढे १९५७ साली प्रत्येक तारेला स्वतंत्र टेकू मिळाला. त्या काळच्या बासच्या घोडीवर चकचकीत धातूचं झाकण असे आणि आतून फोमचा तुकडा लावलेला असे. तारेचा आवाज घोडीपाशीच जरा दाबून टाकावा, रेंगाळू देऊ नये, हा त्याचा हेतू.

नेमक्या त्याच जागी, घोडी आणि तार यांच्यामध्ये, मिरजेचा कारागीर सुताचा दोरा सरकवतो. हेतू मात्र बरोब्बर उलटा: तारेचा आवाज जास्तीत जास्त फुटावा, उमलावा आणि रेंगाळावा. तिथे जो झणझणाट पदरचे पैसे मोडून घालवायचा, तोच इथे पैसे देऊन काढून घ्यायचा. त्याला जवारी म्हणतात. घाटनांदूरच्या मंडपातली वीणा मुकी होते तेव्हा तिची जवारी गेलेली असते. करकरते तेव्हा ती बिघडलेली असते.

मिरजेच्या धंद्याची कथा कारागिरांच्या घरात सांगितली जाते ती साधारण १८५० च्या सुमारापासून. फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन हे दोघे भाऊ जातीने शिकलगार. तलवारी, भाले, कट्यारींना धार देणं हा पिढीजात व्यवसाय. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. पटवर्धनांचं मिरज संस्थान टिकलं, पण लढायाच संपल्या तिथे धार कुणासाठी लावायची? १८५७ च्या अखेरीस तर सरकारने हत्यारं जमा करायचा हुकूम काढला आणि मिरजेच्या दक्षिणेला मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेडरांनी त्याविरुद्ध बंड केलं. ते बंड इंग्रजांनी चिरडलं. दक्षिण महाराष्ट्रात शिकलगाराच्या धंद्याला उतरती कळा का लागली, हे यावरून ध्यानात यावं.

पटवर्धन संस्थानिक गाण्याचे शौकीन. दरबारात उत्तरेकडचे गवई-बजवय्ये येत आणि त्यांच्या सतारी, तंबोरे वाटेत मोडत, तडकत. दुरुस्तीला कोण होतं? धातू, लाकूड आणि धार यांची जाण असलेले हे शिकलगारच. मोडलेलं वाद्य उघडून बघायचं, ते जोडायचं आणि जोडता जोडता दुसरं तसंच घडवायचं, अशी ही शाळा. आरंभ दुरुस्तीतून झाला ही गोष्ट महत्त्वाची आहे. मिरजेचा कारागीर आजही घडवणारा आणि दुरुस्त करणारा असा वेगळा ओळखू येत नाही. पुढे घराण्याचं आडनावच सतारमेकर झालं आणि गल्लीलाही तेच नाव पडलं.

भोपळ्यासाठी मिरजेला लांब जावं लागलं नाही. तंबोऱ्याचा भोपळा खायचा नसतो. तो कडू, जाड सालीचा आणि चांगला घागरीएवढा लागतो. सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला, भीमेच्या काठच्या जमिनीत, शेतकरी तो मुद्दाम लावतात. वाढताना त्याचं बूड नीट बसलेलं असावं म्हणून त्याला जपावं लागतं. वेलावरच पक्का झालेला भोपळा महिनोन्‌महिने वाळवतात. मग तो पाण्यात भिजवून मऊ करायचा, वरचा भाग कापून आतला गर आणि बिया खरवडून काढायच्या, आणि काटक्यांचे ताण देऊन हवा तसा फाकवून पुन्हा वाळू द्यायचा. त्याला गळ्याशी लाकडी गुलू बसतो, वर पोकळ दांडी चढते, तोंडावर तबली. लाकूड बहुतेक तुणीचं. लाखेचं पॉलिश, कडेने पानाफुलांची पट्टी; पूर्वी या पट्टीत हस्तिदंत असे, नंतर सेल्युलॉइड आलं आणि पुढे प्लॅस्टिक.

पंढरपूर आणि मिरज यांना जोडणारी छोटी रेल्वेसुद्धा इथे आठवते. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे काढली. १८९७ मध्ये बार्शी रोड म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत ती धावली, १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये निजामी मुलखातल्या लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. म्हणजे एकीकडे तंतुवाद्यांचं गाव, मधे भोपळ्याची रानं आणि वीणेकऱ्यांची पंढरी, दुसऱ्या टोकाला मराठवाडा, अशी सव्वातीनशे किलोमीटरची एक रेघच ओढली गेली. आषाढी-कार्तिकीला ही गाडी वारकऱ्यांनी फुलून जायची. मराठवाड्यातला वारकरी पंढरपुरात टाळ, मृदंग, वीणा बघतो, विकत घेतो, जुनी असेल ती दाखवतो. ही वहिवाट कुठल्या रेल्वेने पाडली असं म्हणता येणार नाही, पण तिने ती सोपी केली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे रूळ रुंद झाले आणि छोटी गाडी गेली.

मिरजेच्या धंद्याला खरं भरतं आलं ते गाणं दरबारातून घरात आलं तेव्हा. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली आणि मिरजेत शिष्य घडवले. त्यांतले एक विष्णु दिगंबर पलुसकर. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले म्हणून उपचाराला मिरजेत आलेला हा मुलगा गाणं शिकला, १८९६ मध्ये मिरज सोडून निघाला आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडून बसला. त्यांच्या शिष्यांनी गावोगावी वर्ग काढले. वर्ग म्हटला की तंबोरा आला. संस्थानिकाला दोन-चार तंबोरे पुरत. परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पिढीला किती लागले असतील याचा अंदाज वाचकानेच करावा. तिकडे संगीत नाटकं जोरात होती. त्यात पेटीने बाजी मारली खरी, पण पेटीला जवारी नसते.

मिरजेला आपलंसं केलेला सगळ्यांत मोठा कान अब्दुल करीम खाँसाहेबांचा. कैरान्यात जन्मलेले खाँसाहेब मिरजेत राहिले, तिथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यावर त्यांची श्रद्धा. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं. त्या श्रुतींच्या मोजमापात खाँसाहेबांच्या गळ्याची मदत झाली होती. श्रुतीचा इतका बारीक विचार करणाऱ्या गवयाला कसाबसा लागलेला तंबोरा चालणं शक्यच नव्हतं. वाद्यांच्या दुरुस्तीतही त्यांना गती होती. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी पाँडिचेरीच्या वाटेवर, सिंगपेरुमाळकोईल या स्टेशनात त्यांनी देह ठेवला. त्यांना आणून दफन केलं ते मिरजेत, त्याच दर्ग्याच्या आवारात. दर वर्षी तिथे त्यांच्या नावाने गवई हजेरी लावतात.

आता घोडी घासणाऱ्या कानशीकडे येऊ, कारण सगळी गंमत तिच्या फटकाऱ्यात आहे.

तंबोऱ्याची घोडी गिटारच्या टेकूसारखी अणकुचीदार नसते. ती रुंद, बसकी आणि वरून किंचित उतरती असते. नुसत्या डोळ्याला सपाटच वाटते. तार घोडीच्या मागच्या कडेवर टेकून पुढच्या उतारावर अगदी निसटता स्पर्श करते. हा उतार केसभर जास्त झाला तर तार घोडीला शिवतच नाही आणि आवाज कोरडा पडतो. केसभर कमी झाला तर ती घोडीला चिकटते आणि खरखरते. वर्षभर छेडून छेडून तारेने घोडीत स्वतःची चरी पाडलेली असते. मूळ उतार तिथे खचतो. हेच ते तारेचं न बोलणं.

कारागीर तार ढिली करून बाजूला करतो, कानशीचा एक हलका हात फिरवतो, तार चढवून सूर लावतो, ऐकतो, पुन्हा उतरवतो. चार तारांना चार वेळा हे करायचं, कारण पोलादी जोडाच्या तारांना जो उतार मानवतो तो पितळी खर्जाच्या जाड तारेला मानवत नाही. जास्त घासलं गेलं तर परत भरता येत नाही. सबंध घोडी खाली घेऊन नव्याने सुरुवात. घासून झालं की दोरा. तो तारेखालून मागेपुढे सरकवत गेलं की एका जागी आवाज एकदम उघडतो. ती जागा सापडली की खर्जाच्या तारेतून, गंधारात लावलेली तार नसताना, गंधार ऐकू येऊ लागतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. त्यात चमत्कार नाही. तारेच्या मूळ कंपनाच्या पाचपट वेगाचा उपस्वर म्हणजे तो गंधार. चांगल्या जवारीने तो ठळक होतो इतकंच.

हे "इतकंच" मात्र कलकत्त्यात चंद्रशेखर व्यंकट रामन यांना स्वस्थ बसू देईना. नोबेल मिळण्याच्या नऊ वर्षं आधी, १९२१ मध्ये, त्यांनी भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध लिहिला. युरोपातलं पुस्तकी शास्त्र सांगत होतं, तार ज्या बिंदूवर छेडाल तिथे ज्या उपस्वरांचा स्थिरबिंदू असेल ते उपस्वर ऐकू येता कामा नयेत. तार बरोबर मध्यावर छेडली तर सम क्रमांकाचे सगळे गप्प. रामन यांनी तंबोऱ्यावर प्रयोग केला आणि जे गप्प बसायला हवे होते ते उपस्वर खणखणीत बोलले. कारण कंप पावणारी तार घोडीच्या उतारावर क्षणोक्षणी टेकते आणि सुटते, त्या दर टेकण्यात तिच्या मूळ कंपनातला जोर वरच्या उपस्वरांत वाटला जातो. शिकलगारांच्या नातवंडांना हे कुणी समीकरणातून शिकवलं नव्हतं. धार लावताना पात्याचा कोन अंगठ्याने अजमावायची सवय घराण्यात होती. तोच अंगठा घोडीवर फिरला.

जवारीतही आवडीनिवडी आहेत. सतारीच्या दुनियेत पंडित रविशंकर खुल्या जवारीचे, झणझणीत आवाजाचे. उस्ताद विलायत खाँ बंद जवारीचे, कंठातून निघाल्यासारख्या गोल आवाजाचे. कारागिराला दोन्ही काढता आल्या पाहिजेत आणि गिऱ्हाइकाला कुठली हवी हे त्याने न सांगता ओळखलं पाहिजे. गायकांचं आणखी वेगळं. पुरुषी तंबोरा मोठा, बायकांचा लहान. काळी एकच्या पट्टीची जवारी पांढरी पाचला चालत नाही. दुरुस्तीला आलेल्या वाद्याबरोबर गळ्याची पट्टीही विचारावी लागते ती यासाठी.

वीज आली तसे बिघाडही बदलले. महाराष्ट्रातल्या बेंजो पार्टीचा बेंजो हा मुळात जपानी. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये टंकलेखन यंत्रासारखी बटणं असलेलं ताइशोगोतो काढलं, ते आपल्याकडे बुलबुलतरंग झालं आणि वरातीत तारेखाली पिकअप बसून कर्ण्यातून वाजू लागलं. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी. पोलादी तार वर हलली की गुंडाळीत वीज उमटते. बास गिटारमध्ये हेच. मग झणझणाटाला दुसरा एक भाऊ मिळाला: गुणगुणाट. तो वाद्याच्या अंगातून येत नाही, कर्ण्यातूनच येतो. पिकअपची वायर आवाजाच्या बटणाला जाते, तिथून टोनचं बटण, कपॅसिटर, मग पिन घालायचं भोक. शिवाय एक बारीक वायर घोडीच्या धातूखाली दडवलेली असते, सगळ्या तारा अर्थिंगला जोडणारी. जुन्या वाद्यात तिचं सोल्डरिंग सुटतं, तिच्यावर गंज धरतो आणि घरातल्या विजेचा घुमारा आत शिरतो. आपल्याकडे तो पन्नास हर्ट्‌झचा, म्हणजे बासच्या सर्वांत जाड तारेच्या आणि तिच्या शेजारणीच्या मोकळ्या सुरांच्या मधे बसणारा. त्यावर कानस चालत नाही. मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न लागतं. दुरुस्त करणाऱ्याने घोडी बघायची, पण घोडीखाली.

तंबोऱ्यालाही वीज लागली ती निराळ्या वाटेने. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा काढला. डब्यातला सूर उतरत नाही, रेल्वेत मोडत नाही, छेडायला माणूस लागत नाही. नंतर तो मोबाइलच्या ॲपमध्ये शिरला. रियाजाच्या खोलीतला तंबोरा भिंतीला टेकून उभा राहिला तो बहुतांशी यानंतर. यात रुसण्यासारखं थोडं आहे आणि हसण्यासारखंही: ॲपवाले जाहिरात करतात ती आपला आवाज अस्सल जवारीचा असल्याची.

घोडीचं सामानही बदलत चाललं आहे. सांबरशिंग आणि हस्तिदंत हे पूर्वीचे आवडते माल. शिंगाची घोडी चिवट, तिची जवारी लवकर बसत नाही, आवाज खणखणीत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी हे सामान बाद झालं, आणि ते योग्यच झालं. आता उंटाचं हाड, आबनूस, शिसवी आणि कारखान्यातलं कृत्रिम साहित्य यांच्यावर गुजराण आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे नाव तरी दुसऱ्याला वापरता येणार नाही. घोडी कशाची असावी यावर मात्र सतारवादकांत एकमत नाही: कृत्रिम घोडीला जवारी वारंवार काढावी लागत नाही म्हणून परदेश दौरे करणारे तिला पसंती देतात, तर दुसरे तिच्या आवाजात काचेचा कडकपणा येतो म्हणून पुन्हा हाडाची मागतात, आणि कारागीर दोन्ही प्रकारच्या घोड्या फळीवर तयार ठेवतो.